टिन चॅपल : तिसरी आवृत्ती

ट्रेडेगरच्या 'रोबक'मध्ये, मागच्या खोलीत,
माणसं एका सालावर अडून बसलेली.
इयेस्टिन प्यू म्हणतो, बँड सुरू झाला एकाहत्तरच्या नोव्हेंबरात,
माझ्याकडे तिकीट आहे.
तिकिटावर तारीख आहे, साल नाही.
ग्विलिम बेडो म्हणतो, तेव्हा नाव वेगळं होतं,
गायक वेगळा, गिटार उसनी.
त्याला बँड म्हणायचं
तर पोर पोटात असतानाच शाळेत घाला की.

एलुनेड प्रॉसर गप्प.
रॉकच्या कोशाची ती संपादक.
कानामागे लाल पेन्सिल, पुढ्यात प्रुफं,
प्रुफावर बिअरच्या ग्लासाचं ओलं कडं,
नेमकं जन्मसालावर.

मी तिचा प्रुफं वाचणारा. माझं काम स्वल्पविराम.
पण चौदा वर्षं हीच नोंद वाचतोय :
पहिल्या आवृत्तीत बँडमध्ये पाच जण होते,
दुसरीत नऊ,
या खेपेला एकोणीस,
जणू भाडं परवडेना
म्हणून पोटभाडेकरू ठेवत गेलेलं घर.

अजून वाजवतात ते.
मूळचा एकटा रिस ल्यूटर उरलाय, बास वाजवणारा,
गुडघे नवे, कानात यंत्र,
उन्हाळी जत्रेत, दुपारी तीनला,
पोरांच्या फुगवलेल्या किल्ल्याशेजारी.
"मग हा टिन चॅपलच का?" ग्विलिम.
"तुझ्या गल्लीतलं चॅपल रिकामं झालं,
आत गालिच्यांचं दुकान आलं,
तरी पत्ता काय लिहितोस?" इयेस्टिन.
ग्विलिम चॅपल स्ट्रीटवरच राहतो.

खरं घोडं पेंड खातं ते पहिल्या रेकॉर्डपाशी.
सात इंची, लेबलवर चार नावं,
ड्रम्सपुढे काही नाही.
एक पक्ष : कार्डिफहून भाड्यानं आणलेला कुणीतरी.
दुसरा : इडवाल हॉपकिन, पोस्टमन,
तीन महिने होता, मग नव्हता.
या नावापायी
एक लग्नपत्रिका न उघडता परत गेलीये,
एका दफनाला दोन मित्र
शवपेटीच्या दोन बाजूंनी चाललेत.

ग्लास गोळा करणारी ओल्वेन थांबली.
"इडवाल माझा भाऊ," म्हणाली. "इथून चौथं घर."
बारा वर्षं ती यांचे ग्लास उचलत होती.
कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या स्वयंपाकघरात
तिनं टेबलावरचं मेणकापड उचललं.
कडेच्या लाकडात खाचाच खाचा,
डावीकडे खोल, उजवीकडे उथळ.
"डावखुरा. आई ओरडायची."
ग्विलिम, कार्डिफ पक्षाचा, वाकला,
बोटानं खाचा चाचपू लागला, ओठ हलत होते.
तिसऱ्या कडव्याआधीची ती अडखळ,
जिला आम्ही सगळे चूक म्हणत आलो,
तिच्या जागी लाकूड कोरं होतं.
किंवा त्याला तसं हवं होतं.

एलुनेडनं विचारलं
(भली बाई आहे, पण संपादक आहे),
"पत्र? करार? पैशाची पावती?"
"टेबल आहे," ओल्वेन म्हणाली.
टेबलाला पृष्ठक्रमांक नसतो.
आठवणीचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मागायचा?

"इडवाल कधी गेला?" इयेस्टिननं टोपी काढत विचारलं.
"कुठं जातोय! वर झोपलाय.
पण उठवू नका.
विचारलं तर नाही म्हणेल.
पन्नास वर्षं नाहीच म्हणतोय."

जिन्याकडे आम्ही बराच वेळ पाहिलं.
वर पलंग करकरला,
कुस बदलल्यासारखा.
ओल्वेननं मेणकापड पुन्हा घातलं,
सुरकुती तळव्यानं काढली, मिठाची बाटली जागेवर ठेवली.

शेवटच्या प्रुफात ओळ होती,
ड्रम्स : ?
ते प्रश्नचिन्ह एलुनेडनं माझ्यासाठी केलं होतं,
छापायसाठी नाही.
काढणं माझं काम होतं.
मी अलीकडची मोकळी जागा तेवढी नीट केली
आणि फॉर्म पाठवून दिला.

कोश निघाला. आठव्या दिवशी पत्र,
ग्विलिमचं, हस्ताक्षरात, दोन पानी :
एकाहत्तर छापलंत, बहात्तर हवं होतं,
लाज वाटायला पाहिजे.
ड्रम्सबद्दल एक अक्षर नाही.