पान सत्त्याऐंशीचा समास

आमच्या चिंचघाटचं वाचनालय, 'ड' वर्ग,
कपाटं तीन, पंखा एक, आणि
तळच्या फळीवर, पोलिओच्या जुन्या फलकात गुंडाळलेलं
एक शिळाप्रेसचं पुस्तक.
सन अठराशे एकोणसत्तर.
नाव इतकं लांब की वाचताना दम लागतो:
'वर्धाकाठच्या उभयपक्षी धर्मतंट्याची
साद्यंत व निःपक्षपाती हकीकत'.
लिहिणारा कुणी कारकून. त्याच्या नावावरच
कधीकाळी समई कलंडलेली.

नेर्लेकर पुण्याहून आले, हातमोजे घालून.
भाजलेल्याची पट्टी सोडवावी तशी पानं उलटली.
"दोनच प्रती आहेत, मॅडम. दुसरी लंडनला,
तिची शेवटची पानं नाहीत."
चाळीस हजार म्हणाले.
आमच्या छपराला बत्तीस लागतात.
उद्या सांगते, म्हटलं,
आणि रात्रीत वाचून काढलं.

हकीकत त्याच्याही पंचवीस वर्षं आधीची.
नदी म्हणजे तेव्हा सरहद्द.
अल्याड नागपूरकरांचा अंमल, पल्याड निजामाचा,
मधल्या रेतीत एक काळा धोंडा,
कमरेएवढा, गळ्याशी खोल घासलेला.
अल्याडचे म्हणत महादेव,
घासलंय ते नागाच्या वेटोळ्यानं.
पल्याडचे म्हणत पीर,
घासलंय ते साखळदंडानं, कैदेत असतानाच्या.
मग एका पुरानं पात्र सरकलं.
धोंडा जागचा हलला नाही,
त्याचं राज्य तेवढं बदललं.

पुढं व्हायचं ते झालं.
कारकुनानं सगळं लावून लिहिलंय:
शेंदूर कुणी फासला, चादर कुणी ओढली,
कोणत्या कचेरीनं कोणत्या कचेरीला काय कळवलं.
पान सत्त्याऐंशीवर अल्याडचे मयत.
अठ्ठ्याऐंशीवर, त्याच कागदाच्या पाठीला, पल्याडचे.
कसरीनं भोक एकच पाडलंय.
इकडून बाळाजीचं आडनाव गेलं,
तिकडून इमामच्या बापाचं नाव.
मी भोकाला डोळा लावला.
ट्यूबलाइट दिसली.

सकाळी सुकरू पचारे पेपर वाचायला आला.
ढिवर, ऐंशीच्या घरातला.
वरचं धरण झाल्यापासून त्याचा डोंगा
कोंबड्या झाकायला कामी येतो.
त्याला वाचून दाखवलं, नाग, साखळदंड, सगळं.
तो हसला नाही. चष्मा पुसला.
"बाई, ते दोराची घासन होय.
माहा आजा नाव बांधे त्याले. त्याचा आजाबी.
हे लिवनारा नदी उतरला कसा मंग?
आमच्याच डोंग्यात ना?
इचारलं काऊन नाई त्यानं?"

एकशे चौदा पानं मी पुन्हा चाळली.
ढिवर एकदाच भेटला, खर्चाच्या यादीत:
'ढिवरास उतराई, दोन पैसे'.

मग मी पेन घेतलं. साधं, निळं, पाच रुपयांचं.
पान सत्त्याऐंशीच्या समासात लिहिलं:
'धोंडा नाव बांधण्याचा होता.
सांगणार सुकरू पचारे, चिंचघाट.'
तारीख घातली. वाचनालयाचा शिक्का मारला,
तोही थोडा वाकडा बसला.

नेर्लेकरांनी पान पाहिलं
आणि एकेक बोट सोडवत हातमोजे काढले.
"हे काय केलंत, मॅडम."
विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर दिलं नाही.
आठ हजार म्हणाले. फाटकाशी गेल्यावर
तेही नको म्हणाले.

दुपारी सुकरूला समास दाखवला.
स्वतःच्या नावावरून त्यानं बोट फिरवलं, दोनदा.
खिडकीतून रेतीकडं पाहत होता,
बेशरमीच्या झुडपांत काळं काही दिसतं तिकडं,
आणि अगदी सहज म्हणाला,
"मंग तो धोंडा आमचाच झाला म्हना."

पुस्तक आता वरच्या फळीवर आहे,
गळतं त्या जागेपासून हातभर लांब.
समासात अजून
दोन बोटं जागा उरली आहे.