मापाची वही

ब्लाउजच्या मापांची माझी वही
बारा वर्षं पुढूनच भरत आली.
उंची, छाती, मुंढा, बाही,
आणि कोपऱ्यात टाचणीनं अडकवलेला कापडाचा तुकडा.
त्या मार्चनंतर माप द्यायला कुणी आलं नाही.
बिबवेवाडीतली लग्नं वीस माणसांत उरकली,
जुन्याच ब्लाउजांत.

बाईंनी विचारलं, पालकांपैकी कुणी यादी कराल का?
कुणीच बोलेना.
माझ्याकडून चुकून अंगठा गेला.
मग वही उलटी धरली
आणि मागून सुरुवात केली.

चौथी ब. एकूण बेचाळीस.
घरात स्मार्टफोन: एकोणतीस.
त्यातले दिवसभर घरात: सतरा.

काशीद ईश्वरी. फोन वडिलांबरोबर टेम्पोत,
पहाटे तीन ते दुपारी दोन, मार्केटयार्ड.
तांबोळी अरहान. फोन आहे, रिचार्ज नाही.
बेलसरे मुक्ता. दोन लॅपटॉप, एक टॅब.
गायसमुद्रे प्रज्योत. नंबर लागत नाही.

बाईमाणसाला छातीचं माप विचारणं सोपं,
रिचार्ज आहे का, हे विचारताना
माझीच जीभ अडखळायची.

मुक्ताच्या आईनं टॅब दिला ईश्वरीला,
चार्जर वाकडा धरावा लागतो, असं चिठ्ठीवर लिहून.
नवनाथ अर्ध्या शटरखालून झेरॉक्स सरकवायचा,
आणि तांबोळीभाभींच्या हातगाडीवर
मेथीच्या जुड्यांखाली अपूर्णांक निघायचे
गल्लोगल्ली.
अरहानच्या उत्तरात तीन आणि चारच्या मधे मातीचा ठिपका.
बाईंनी फोटोत तो दशांश समजून चूक दिली.
भाभींनी तासभर वाद घातला.
दुसऱ्या दिवशी अर्धा मार्क परत.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं, असं नाही.
फी भरायची का, यावर चार दिवस भांडण.
दोघं ग्रुप सोडून गेले.
एकाला परत घेतलं,
दुसऱ्याला मी मुद्दाम नाही घेतलं.

प्रज्योतचा नंबर तरीही लागेना,
म्हणून अप्परचा चढ चढून गेले.
त्याच्या आईनं दार चार बोटं उघडलं.
"ते ॲडमिट आहेत, अकरा दिवस झाले.
फोन त्यांच्याबरोबर गेलाय."
तिच्या मागं मुलगा, अंगात शाळेचा शर्ट.
रोज नऊला घालून बसतो, म्हणाली,
समोर काही नसलं तरी.
बाही मनगटाच्या वर दोन बोटं सरकलेली.
माझी नजर तिथंच गेली,
धंद्याची सवय.

रात्री डब्याचे वार ठरले.
बेलसऱ्यांनी विचारलं, तिखट खातात ना?
सोमवार भाभींचा, मंगळवार काशिदांचा.
टेम्पोवाले काशीद स्वतः पोळ्या लाटणार म्हणाले,
यावर त्या दिवसांतलं एकमेव हसू.

फोन परत आला सोळाव्या दिवशी.
प्लॅस्टिकच्या पिशवीत,
चष्मा आणि पट्ट्याबरोबर.

त्या आठवड्यात कुणी काही लिहिलं नाही,
डब्यांच्या वेळा तेवढ्या.
मग एका सकाळी बाईंनी हजेरी घेताना
चौदा म्हटलं,
आणि चौदा नंबरातून आवाज आला.
खरखरीत, जरा उशिरानं.
बाई पंधरा म्हणायच्या विसरल्या.

मला यादी दुरुस्त करायची होती.
दिवसभर घरात: सतरा.
पेन हातात घेऊन बराच वेळ बसले.
शेवटी सतरावर रेघ मारून
अठरा लिहिलं.

मग वही सुलट केली.
पुढच्या बाजूला, किती महिन्यांनी,
नवं पान.
गायसमुद्रे प्रज्योत. शर्ट, पांढरा.
उंची, खांदा, बाही नजरेनंच घेतलेली.
शिलाईची रक्कम: कोरी.
शाळा कधी उघडणार, कुणाला ठाऊक नव्हतं.
दोन इंच आत सोडलेत.
वाढत्या अंगाचा मुलगा.