सहाव्या वळणाची वही

कोण जिंकलं ते मला विचारू नका.
सहाव्या वळणावरून शेवटची रेघ दिसत नाही.
आम्हाला दिसतो मधलाच तुकडा:
आडवी होत येणारी मोटरसायकल, डांबराला घासणारा गुडघा,
आणि ती गेल्यावरही कानात राहून गेलेला तिचा आवाज.
निकाल दुसऱ्या दिवशी कळायचा,
लाँड्रीतल्या मल्याळी पेपरच्या फोटोवरून.

तरी इतिहास आहे. परकारच्या वहीत आहे.
शमसुद्दीन परकार, मुक्काम कर्जी, तालुका खेड,
वर्षभर दोह्यात लोकांचे एसी दुरुस्त करणारा
आणि शर्यतीच्या आठवड्यात
माझ्या शेजारी पिवळा झेंडा घेऊन उभा राहणारा.
किराणा खात्याची लांबट वही. त्यात तीन रकाने:
तारीख, वारा, घमेली.

पहिल्या वर्षी एकशे चाळीस घमेली.
रात्रभर शमाल सुटला होता.
सकाळी पाहतो तर रस्ताच नाही,
वाळवंट येऊन आडवं झालेलं त्यावर,
आणि त्याला उठवायला आम्ही बारा जण, बारा खराटे.
स्टँडमध्ये शे-सव्वाशे माणसं,
त्यातली निम्मी सावलीसाठी आलेली.
रोमेलच्या बुटाचा तळ डांबराला चिकटून राहिला,
तो एका पायात पिशवी बांधून दिवसभर उभा.

दुसऱ्या वर्षी: वारा बेताचा, घमेली नव्वद.
खाली वेगळ्या शाईत: मूठभर राहिली.

ती मूठ वळणाच्या आतल्या अंगाला होती.
जासिमचं पुढचं चाक तिच्यावरून गेलं.
तो इथलाच पोरगा, तेवीस वर्षांचा,
त्याची आई कुंपणापलीकडे गाडीत बसून होती.
झेंडा मी हलवला. हेल्मेट परकारने धरलं.
ती मूठ कुणाच्या खराट्याच्या वाट्याची,
यावर आम्ही एका खोलीत नऊ वर्षं राहून
एकदाही बोललो नाही.

मग खांब आले. दिवे आले.
रात्रीचा दिवस करणं आम्ही पोटासाठी करत आलोच होतो,
त्यांनी ते खरोखरच केलं.
एकेका गाडीला चार चार सावल्या,
कुठली खरी, हे कळेपर्यंत गाडी पुढे.

त्या वर्षी जासिम आला. पाय ओढत, मुलाचं बोट धरून.
वळणावर वाकला, चिमूटभर वाळू उचलली,
मुलाला दाखवली, फुंकून टाकली.
परकार तोवर
बादलीची कडी दुरुस्त करायला पाठ करून बसलेला.

आणि ती एक रात्र, पावसाची.
जिथे पावसासाठी नमाज पढतात
तिथे हजारो माणसं आभाळाला म्हणत होती, आता पुरे.
ओल्या रस्त्यावरून उजेड उलटा डोळ्यांत येतो म्हणे.
शर्यत थांबली. गाड्यांवर कापडं पडली.
वहीत: घमेली शून्य. चिखल.
आणि समासात, कुणाला सांगू नये तसं बारीक: वास चांगला होता.

आता झाडायला यंत्र आहे.
वाळू अडवायला प्लॅस्टिकचं गवत आहे,
परकारचे गुडघे गेले, आणि परकार कर्जीला गेला.
दर वर्षी शर्यतीच्या आधी त्याचा फोन येतो.
पहिला कोण, दुसरा कोण, याच्याशी त्याला घेणं नाही.
विचारतो, "वारा कुठला?"
मी म्हणतो, वायव्येचा.
मग बराच वेळ दोघेही गप्प,
पलीकडे त्याच्या अंगणातल्या कोंबड्या.

यंत्र फिरून गेलं की
मी खाली बसतो, या वयात, सगळ्यांदेखत,
आणि वळणाच्या आतल्या अंगावरून तळवा फिरवतो,
तापाचं कपाळ बघावं तसा.
नवीन पोरं हसतात. हसू देत.

काल रात्रीची नोंद, माझ्या अक्षरात:
वारा वायव्य. घमेली तीन.
मूठ एक. काढली.