दोन तिरप्या रेघा

शुक्रवारी शाळा बंद, पण लॅबची किल्ली
नसीमचाचांच्या खिशात असते,
आणि नसीमचाचांना आईच्या साटोऱ्या आवडतात.
एवढ्या भांडवलावर आमची टीम उभी आहे.

सोहारची वाळू बारीक.
बंद खिडकीतूनही येते, कुणाला न विचारता,
गिअरच्या दातांत जाऊन बसते.
जिबिन जुन्या टूथब्रशनं ते दात घासतो
आणि रोबोटला म्हणतो, चूळ भर.
हा विनोद तो दर आठवड्याला करतो.
आम्ही दर आठवड्याला हसतो.

रोबोटचं नाव ढब्बू. मी ठेवलेलं.
टीममध्ये मराठी मी एकटीच.
साहिती त्याला डब्बू म्हणते, तेलुगूत डब्बू म्हणजे पैसे,
आणि तेच आमच्याकडे कधी नसतात.
इलंगो म्हणायचा टब्बू.

ढब्बूला खोड होती. सरळ जा म्हटलं
की डावीकडे झुकायचा.
आम्ही चाकं बदलली, स्क्रू पिळले,
बॅटरी इकडची तिकडे केली, एकमेकांवर खेकसलो.
साहिती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
इलंगो कपाटाला टेकून, बूट काढून,
नुसता बघत बसलेला.
मग एका संध्याकाळी त्यानं एकच ओळ लिहिली:
उजवी मोटर, चार टक्के कमी.
आणि तिच्या शेजारी, फक्त माणसांसाठी:
याला डावीकडे समुद्र दिसतो.
ढब्बू सरळ गेला.
इतका सरळ, की कपाटावर आपटला
आणि आम्ही नसीमचाचा धावत येईपर्यंत ओरडत होतो.

डिसेंबरात त्याच्या अप्पांच्या कंपनीचं काम संपलं.
इथं असं होतं. रडणं नंतर,
आधी वॉशिंग मशीन कोण घेणार ते ठरतं.
त्यांचा सोफा आमच्याकडे आला,
उजव्या हातावर निळ्या शाईचा डाग असलेला.
तीस दिवसांत नागरकोविल.
जाताना त्यानं मला पासवर्ड दिला
आणि एक स्क्रू-ड्रायव्हर, जो मुळात माझाच होता.

फेब्रुवारीत मस्कत. स्पर्धा.
सरांनी कुठून तरी नव्या मोटरी मिळवल्या होत्या,
दोन्ही अगदी सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या,
आणि ढब्बू उजवीकडे जाऊ लागला.
फेरीला चाळीस मिनिटं.
जिबिननं विनोद केला नाही.
सर म्हणाले, ती जुनी ओळ काढून टाक.

कर्सर त्या ओळीच्या टोकाशी लुकलुकत होता.
एकदा दाबलं की मागे मागे खात गेला असता
समुद्र, डावीकडे, चार टक्के, सगळं.
मी कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेला
आणि दोन तिरप्या रेघा मारल्या.
अशानं ओळ पुसली जात नाही.
तिथंच राहते, राखाडी होऊन,
वाचता येते.
फक्त यंत्राला ऐकू येत नाही.
काय केलंस, सरांनी विचारलं.
बंद केली, म्हटलं. ते खरंच होतं.

एकतीस शाळांत आम्ही सहावे.
परतीच्या बसमध्ये सगळे झोपले होते,
ढब्बू माझ्या मांडीवर, चाकं वर करून,
बाहेर बातिनाचे दिवे, पेट्रोलपंप, खजुरीची झाडं, पुन्हा दिवे.
मी इलंगोला लिहिलं: तुझी ओळ बंद केली.
बराच वेळ काही नाही. मग:
काढलीस?
नाही.
मग आणखी बराच वेळ.
इथं बसनं अर्ध्या तासावर तीन बाजूंना समुद्र आहे,
टब्बू पार गोंधळून जाईल.

घरी पोचले तेव्हा साडेअकरा.
बाबा जागे होते, त्या सोफ्यावर, डागाच्या बाजूला,
कंपनीच्या पाकिटातला कागद चष्म्याजवळ धरून.
कितवे आलात, त्यांनी विचारलं.
सहावे, मी सांगितलं.
कागदावर कुठला महिना लिहिलाय
ते मी विचारलं नाही.