रात्रपाळीनंतर

कोनाच्या इस्पितळातून सात वाजता सुटले
ती घरी गेलेच नाही.
कॉफीच्या मळ्यांमधून दुसऱ्या गियरमध्ये उतरत
थेट केआलाकेकुआच्या उपसागरापर्यंत.
पायांत अजून वॉर्डातल्याच चपला.

चार नंबरच्या खाटेवरचे कहिकिना आजोबा
पहाटे सलाइन बदलताना म्हणाले होते,
"पाणी कसं आहे, बघून सांग.
आणि ते असतील तर जवळ जाऊ नकोस.
ते झोपायला येतात."

आहेत. पंधरा-वीस तरी.
रात्रभर बाहेरच्या खोल काळोखात शिकार करून
उजाडताना आत आलेले डॉल्फिन.
हर्णैला काका त्यांना गादा म्हणायचे
आणि इंजिन वाढवून होडी मागे लावायचे,
पर्यटकांच्या टाळ्यांसाठी.
इथे ते सावकाश वर येतात,
श्वास घेतात, बुडतात.
अर्धा मेंदू निजलेला, अर्धा पहाऱ्यावर.
हे मला कुणी समजावायला नको.
पाच वर्षं मी अशीच झोपतेय:
एक कान उशीत, एक घंटीकडे.

पाण्यापलीकडे पांढरा खांब.
एका होडीच्या चोरीवरून
राजाला ओलीस धरायला आलेला कप्तान
तिथे उथळ पाण्यात मारला गेला.
तेवढा तुकडा म्हणे अजून विलायतेचा.
"मेल्यावरही जागा मोजून घेतली," आजोबा हसतात.
बाजूला उभा कडा, कड्यात गुहा,
गुहांत इथल्या सरदारांची हाडं.
कुठल्या गुहेत कुणाची?
विचारलं होतं मी, रक्तदाब घेताना, सहज.
आजोबांनी मान खिडकीकडे वळवली.
यंत्रावरचा आकडा तेवढा चढला.

कायाकवाला पोरगा विचारतो, येतेस का आत?
नको म्हणते.
काळ्या दगडावर बसून घोट्यापर्यंत पाय सोडते.
हळदीसारखा पिवळा एक मासा
माझ्या अंगठ्याची तपासणी करून जातो.
तेवढ्यात एक पिल्लू उसळतं,
हवेत तीन गिरक्या, धप्पकन खाली.
बाकीच्यांवर ढिम्म परिणाम नाही.
असतंच एखादं वॉर्डात,
औषध देऊनही न झोपणारं.

डोळा उघडला तेव्हा अकरा वाजून गेलेले.
एक गाल उन्हाने भाजलेला, एका चपलेत वाळू.
ते गेले होते की खालीच होते, कळलं नाही.

आज रात्री पुन्हा हजेरी आहे.
निळं होतं म्हटलं तर आजोबा वैतागतील.
सांगेन,
तळ दिसत होता.
आणि मी कुणाला उठवलं नाही.