चौदा पायऱ्या

दांडिया बाजारात, चष्म्यांच्या दुकानावर
माझी खोली. चौदा पायऱ्या चढून येते ती.
चौदा, हे तिनेच सांगितलं.
मला अकरा वर्षांत मोजायचं सुचलं नव्हतं.

शर्वाणी मोहिते, वय सोळा.
फॉर्मवर दोन निदानं, एकाखाली एक,
एकाच घरात दोन भाडेकरू असावेत तशी:
एक रात्रभर भांडी आपटणारा,
दुसरा दारच न उघडणारा.
"मॅडम, डोकं पळत असतं आणि मी पडलेली असते."
मी वहीत लिहून घेतलं.
माझ्या पुस्तकांत हेच सांगायला चार पानं लागतात.

मग मी शिकवत गेले.
काम डोंगराएवढं वाटलं तर त्याचा खडा कर.
आंघोळ नको, नुसता टॉवेल खांद्यावर घे.
दहा मिनिटांचा गजर लाव, वाजला की सोडून दे,
अर्धवट सोडलं तरी चालतं.
चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
आणि फारच गरगरलं तर
दिसतील त्या पाच गोष्टी मोठ्याने सांग.
तिने सांगितल्या:
पंखा. पंख्यावरची धूळ.
तुमचं सर्टिफिकेट. त्याच्यावरची धूळ.
तुम्ही.

पुढच्या आठवड्यात तक्त्याचे रकाने कोरे.
त्याच्या पुढच्या आठवड्यात तक्ताच नाही.
आई म्हणाली, "आळशी आहे हो, दुसरं काही नाही."
मी आईंना पाणी दिलं.
त्यांचा श्वासही वरच्यावरच चालला होता.

एका मंगळवारी ती चाळीस मिनिटं उशिरा आली.
घामाघूम. उभ्या-उभ्याच म्हणाली,
"काळाघोड्याच्या पुलावर थांबले होते."

माझ्या पोटात काय झालं ते राहू दे.
मी विचारलं, सरळ, विचारायचं असतं तसं:
"जीव द्यावासा वाटला?"
"आज नाही," ती म्हणाली. "मगरी बघत होते."

खाली विश्वामित्रीच्या गाळात दोन मगरी,
एक जबडा उघडून ऊन खात पडलेली.
शेंगवाला म्हणत होता, बेज छे, बेन.
हिने त्याला तिसरी दाखवली,
पाण्यात, ओंडक्यासारखी, डोळ्यांपुरती वर.
"अर्धा तास हलली नाही, मॅडम.
पुलावर एवढी माणसं होती,
तिला कुणी आळशी म्हणालं नाही."

उरलेल्या वेळात मी काही शिकवलं नाही.
'आज नाही'मधल्या 'आज'बद्दल बोललो,
सव्वासात वाजेपर्यंत.
खाली तिची आई स्कूटरवर बसून राहिली.
त्यांनी हॉर्न वाजवला नाही, हेही मी वहीत लिहिलं.

आता आमच्याकडे एक ते दहाची पट्टी नाही.
सकाळी फोनवर एवढंच येतं: "डोळे वर."
कधी "जबडा," म्हणजे ऊन मिळालं.
कधी काहीच येत नाही, मग मी फोन करते.

तिच्यानंतरची वेळ निषादची, वय नऊ.
तीन महिने तो खुर्चीवर टेकला नव्हता.
ती उतरता उतरता त्याला म्हणाली,
"मोज. चुकलास तर परत खालून."
तो चार वेळा खालून आला
आणि पाचव्यांदा धापा टाकत बसला.
त्याच्या हिशेबाने पंधरा, उंबरठा धरून.

काल दिवे मालवून उतरताना
मीही मोजल्या. तेरा.
परत चढले. तेराच.
मंगळवारी तिला विचारायचं आहे.