नग एक

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली
अठरा वर्षं मी हजेरी लिहितोय.
कमलापुरे साहेबांबद्दल वाईट बोलणार नाही.
पगार दहा तारखेला म्हणजे दहालाच,
रविवार आला तर नऊला.
त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता असायचा:
कुठल्या पेठेत पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता.
साखर पेठेला पाणी, तर साखर पेठेतल्या बायकांची पाळी
दोन तास पुढं. न मागता.
असं कोण करतं, सांगा.

मग चौदा नंबरचा माग आला.
नवा जकार्ड, कॉम्प्युटरवाला,
टॉवेलावर मोर काढणारा.
साहेबांनी कागद लावला: कोण, कधी, किती मीटर.
त्या कागदात एक चूक काढता आली नसती.
अकरा दिवस माग तसाच,
अंगावर जुनी चादर, घरात मयत असल्यासारखा.
माणसं त्याला वळसा घालून मुतायला जायची.

साहेबांनी कागद बदलला. लाल शाईनं.

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
कांड्या भरणारी नरसव्वा चिलका
स्वतःचं लाकडी स्टूल उचलून तिथं गेली,
चादर अर्धी सारली,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली
आणि मागाकडं बघत जेवली.
बस्स. जेवली.
दुसऱ्या दिवशी पण.
तिसऱ्या दिवशी मेकॅनिक मुस्तफाला म्हणाली,
हे बटण काय करतंय रे?
त्यानं दाखवलं. तिनं दाबलं.
बेचाळीस धागे तुटले.

शेड गप्प झाली. बाकीचे माग चालू होते, तरी गप्प.
नरसव्वा वाकून एकेक गाठ मारत राहिली
आणि कुणाकडं न बघता म्हणाली, एम कादु.
काही होत नाही.
मग माझ्याकडं आली:
नुकसानीच्या वहीत माझं नाव घाल, येमुल.
मी म्हटलं, तू या खात्यातली नाहीस.
घाल की.

संध्याकाळी गाठी मारायला चौघं होती.
त्यांची नावं मी कुठंच लिहिली नाहीत,
तसा रकानाच नव्हता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.
मालकांनी नरसव्वाला सुपरवायझर केलं.
तिच्या हजेरीत वारलेले कुरापाटी मामा दोनदा हजर,
पद्मा गाजुलचे चार दिवस गायब,
सूत संपलंय हे सूत संपल्यावर कळायचं.
दिवाळीच्या तोंडावर सहा माग उभे.
कमलापुरे साहेब रात्री साडेअकरापर्यंत
तिचा हिशेब दुरुस्त करत बसले,
मी आकडे वाचून दाखवत होतो.
तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.
फक्त एकदा चष्मा काढून विचारलं,
येमुल, माझ्या कागदात काय कमी होतं?

उभा धागा, आडवा धागा, असं काहीतरी
म्हणता आलं असतं. सोलापुरात सगळेच म्हणतात.
मी म्हटलं, साहेब, घरी जा, जेवा.

मार्चमध्ये ऑडिटर आला.
चौदा नंबरजवळचं हे स्टूल कुठल्या नोंदीत नाही, म्हणाला.
साहेब म्हणाले, लिही: लाकडी स्टूल, नग एक.
किंमत?
साहेबांनी माझं पेन घेतलं, टोपण लावलं, काढलं,
परत लावलं.
ती जागा अजून कोरी आहे.

परवा दुपारी लाईट गेली. चव्वेचाळीस डिग्री.
सगळे बाहेर लिंबाखाली.
मी बाटली आणायला आत गेलो, तर
साहेब स्टुलावर, मांडीवर डबा,
समोर अर्धा विणलेला मोर, पायाशिवायचा.

आवाज न करता बाहेर आलो.
वहीत लिहिलं:
एक वीस. वीज बंद. उत्पादन शून्य.